उदरावरणाचा कर्करोग : शस्त्र, उष्ण औषध आणि आपली जबाबदारी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. प्रौढांच्या कर्करोगावर, त्यातही पोटाच्या एका अवघड शस्त्रक्रियेवर मी लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. स्मरणिकेसाठी लसीकरणावर किंवा बालदम्यावर लिहिणे मला अधिक सोपे होते. परंतु काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मनातून जात नाही. तो सांगितल्याशिवाय या विषयाला हात घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बेला मंडलातील एका गावाहून एक आजी आपल्या नातवाला दम्याच्या उपचारासाठी दर महिन्याला माझ्याकडे आणीत असत. वय पन्नाशीच्या थोडे पुढे, शरीर कपाशीच्या रानात राबून काटक झालेले. एकदा नातवाची छाती तपासून मी औषध लिहीत असताना त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मलाबी एखादी गोळी द्या. दोन घास खाल्ले की पोट भरतं, अन् लुगडं कमरेला आवळल्यासारखं होतं." मी मान वर न करताच म्हणालो, "पित्त असेल, आजी," आणि नातवाच्याच कागदाच्या तळाशी एक गोळी लिहून दिली.

पुढच्या दोन खेपांना मुलाला त्याची आई घेऊन आली. तिसऱ्या खेपेस कळले की, आजींच्या पोटात पाणी झाले आहे आणि 'पोटाचा टीबी' म्हणून एके ठिकाणी औषधे सुरू झाली आहेत. पाणी काढून तपासले का, असे मी विचारले. तपासले नव्हते. मी त्यापुढे काही केले नाही, कारण माझा रुग्ण नातू होता, असे मी स्वतःला समजावले. आणखी दोन महिन्यांनी पाणी तपासले गेले, तेव्हा त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. रोग अंडाशयाचा होता, तिसऱ्या अवस्थेतील, उदरावरणभर पसरलेला.

नंतर त्यांच्या मुलाने मोठ्या शहरातील तज्ज्ञांचा कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर 'सायटोरिडक्शन' आणि 'हायपेक' असे दोन शब्द होते. त्याने विचारले, "साहेब, पोटात गरम औषध फिरवतात म्हणे. त्यानं आई बरी होईल ना?" त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा शोधलेले उत्तर आहे.

उदरावरण : एक विसरलेले अस्तर

पोटाच्या पोकळीला आतून आणि आतड्यादी अवयवांना बाहेरून जे पातळ, ओलसर, चकचकीत आवरण असते, ते उदरावरण, म्हणजेच पेरिटोनियम. त्याच्या घड्या उलगडून पसरल्या तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या त्वचेइतके भरते. सर्वसाधारण वाचकाला त्याचे नावही ठाऊक नसते. आम्हा बालरोगतज्ज्ञांना मात्र त्याची ओळख फार जवळची असते. हगवणीनंतर मूत्रपिंडे बंद पडलेल्या बाळाच्या पोटात नळी घालून आम्ही द्रव सोडतो, तो काही काळ आत ठेवतो आणि परत काढतो. रक्तातील विषारी द्रव्ये उदरावरणातून त्या द्रवात उतरतात. हेच पेरिटोनियल डायलिसिस.

या आवरणावर कर्करोग दोन वाटांनी येतो. क्वचित तो तेथेच जन्मतो. मेसोथेलिओमा हे त्याचे उदाहरण, आणि ॲस्बेस्टॉसशी त्याचा संबंध आता सर्वमान्य आहे. बहुतेक वेळा मात्र तो शेजाऱ्याकडून येतो. अंडाशय, मोठे आतडे, जठर किंवा आंत्रपुच्छ येथील गाठीतून पेशी गळतात आणि पेरलेल्या दाण्यांप्रमाणे उदरावरणावर रुजतात. आंत्रपुच्छाच्या काही गाठी चिकट, जेलीसारखा पदार्थ निर्माण करतात आणि हळूहळू सारे पोट त्याने भरून जाते. त्यास स्यूडोमिक्सोमा म्हणतात. मुलांतही हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. 'डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर' नावाचा दुर्मीळ रोग मुख्यतः किशोरवयीन व तरुण मुलांच्या उदरावरणावर असंख्य गाठी करतो. अशा मुलांत उष्ण औषधाचा प्रयोग अमेरिकेतील एम. डी. अँडरसन रुग्णालयात डॉ. अँड्रिया हेज-जॉर्डन यांनी प्रथम पद्धतशीरपणे केला.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना 'रोग उदरावरणावर पसरला आहे' हे वाक्य म्हणजे शेवटचा निकाल असे. शल्यविशारद पोट उघडीत, पाहत आणि पुन्हा शिवून टाकीत. शिरेवाटे दिलेले औषध या आवरणापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, कारण रक्त आणि उदरपोकळी यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर आहे. नवा उपचार उभा राहिला तो हाच अडसर उलट बाजूने वापरण्याच्या कल्पनेवर. रक्तातून औषध पोटात नीट येत नसेल, तर पोटात सोडलेले औषधही रक्तात चटकन जाणार नाही. म्हणजे रक्ताला सोसणार नाही इतके तीव्र औषध आपण पोटात वापरू शकतो. डायलिसिसमध्ये पदार्थ आवरण ओलांडून जावेत अशी आपली इच्छा असते. येथे औषधाने अलीकडेच थांबावे अशी असते.

आधी शस्त्र, मग उष्णता

१९७९ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथे डॉ. जॉन स्प्रॅट यांनी स्यूडोमिक्सोमा झालेल्या एका पस्तीस वर्षांच्या रुग्णाच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर तापवलेले थायोटेपा हे औषध फिरवले. १९८० मध्ये त्यांनी तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. या कल्पनेला शिस्तबद्ध रूप दिले ते वॉशिंग्टनचे डॉ. पॉल शुगरबेकर यांनी. रोगट उदरावरण भागाभागाने सोलून काढण्याच्या पद्धती त्यांनी १९९५ मध्ये मांडल्या.

शस्त्रक्रियेचा पहिला भाग म्हणजे डोळ्यांना दिसणारा रोग पूर्णपणे काढणे. त्यासाठी पोटाचे तेरा विभाग करतात आणि प्रत्येक विभागाला रोगाच्या आकारानुसार शून्य ते तीन गुण देतात. बेरीज जास्तीत जास्त ३९ येते. या अंकाला पेरिटोनियल कॅन्सर इंडेक्स म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा अंक साधारणपणे २० च्या वर गेला तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची आशा फार कमी राहते. जठराच्या कर्करोगात मर्यादा याहून कितीतरी खाली आहे. वपा म्हणजे ओमेंटम, प्लीहा, पित्ताशय, आतड्याचे तुकडे, गर्भाशय, श्वासपटलाच्या खालचे अस्तर, यांपैकी जे रोगाने ग्रासले असेल ते काढले जाते. सहा ते बारा तास ही शस्त्रक्रिया चालू शकते. शेवटी किती रोग मागे राहिला याचीही श्रेणी ठरते. काहीच दिसत नसेल तर शून्य, अडीच मिलिमीटरपेक्षा लहान कण राहिले तर एक.

या अडीच मिलिमीटरचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पोटात सोडलेले औषध गाठीच्या आत अवघे दोन-तीन मिलिमीटर शिरते. लिंबाएवढी गाठ मागे ठेवून वर कितीही तीव्र औषध ओतले, तरी ते तिचे साल भिजवून परत येईल. म्हणून आधी काढणे आणि मग धुणे हा क्रम बदलता येत नाही.

दुसऱ्या भागात पोटात नळ्या आणि तापमापके बसवतात. पंप आणि उष्णता देणारे यंत्र यांच्या साहाय्याने मायटोमायसिन, सिस्प्लॅटिन यांसारखे औषध मिसळलेला द्रव ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाला तीस ते नव्वद मिनिटे पोटात फिरवतात. मुलाला ४१ अंश ताप आला तर आमच्या दवाखान्यात धावपळ उडते. येथे तीच उष्णता मुद्दाम योजलेली असते. तिच्यामुळे औषध अधिक खोल शिरते आणि इजा झालेल्या कर्कपेशीला स्वतःची दुरुस्ती करणे कठीण जाते. या वेळी भूलतज्ज्ञाची कसोटी लागते. तासन् तास उघड्या पोटामुळे थंड पडू पाहणारे शरीर त्याला आधी उबदार राखावे लागते आणि नंतर तेच शरीर तापू लागले की थंड करावे लागते. सिस्प्लॅटिनपासून मूत्रपिंडे जपावी लागतात. पुढे आतड्याचा जोड गळणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अस्थिमज्जा दबणे, असे धोके आठवडे-दोन आठवडे डोक्यावर असतात.

आकडे काय सांगतात

आजींच्या मुलाला मी द्यायला हवे होते ते उत्तर आकड्यांत आहे. मात्र ते आकडे रोगागणिक वेगळे आहेत.

सर्वांत उजळ चित्र स्यूडोमिक्सोमाचे आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सोळा केंद्रांतील २,२९८ रुग्णांच्या आढाव्यात दहा वर्षांनंतर ६३ टक्के रुग्ण हयात होते. जेथे पूर्वी पोट पुन्हा पुन्हा उघडून जेली काढणे एवढाच मार्ग होता, तेथे हा बदल विलक्षण आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची कथा अधिक बोधप्रद आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समधील व्हर्वाल आणि सहकाऱ्यांनी १०५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधोपचारात मध्यम आयुर्मान १२.६ महिने होते. शस्त्रक्रिया आणि उष्ण औषध मिळालेल्या गटात ते २२.३ महिने भरले. मात्र त्या गटात उपचारामुळेच ८ टक्के रुग्ण दगावले होते. जगभर उत्साह पसरला. परंतु एक प्रश्न उरला होता : हा लाभ शस्त्राचा की उष्ण औषधाचा? फ्रान्समधील 'प्रॉडीज ७' या अभ्यासाने तो सोडवला. २६५ रुग्णांची संपूर्ण शस्त्रक्रिया झाली. निम्म्यांना तापवलेले ऑक्सॅलिप्लॅटिन तीस मिनिटे दिले, निम्म्यांना दिले नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले मध्यम आयुर्मान होते ४१.७ महिने आणि ४१.२ महिने. फरक जवळजवळ नाही. उलट साठ दिवसांपर्यंतच्या गंभीर गुंतागुंती उष्ण औषधाच्या गटात २६ टक्के होत्या, दुसऱ्या गटात १५ टक्के. दोन्ही गटांचे आयुर्मान मात्र पूर्वीच्या काळाच्या मानाने खूपच चांगले होते. ते श्रेय नेमक्या रुग्णाची निवड करणाऱ्या आणि रोग पूर्ण काढणाऱ्या हातांचे आहे.

अंडाशयाच्या कर्करोगात निकाल वेगळा आला. डच अभ्यासात तिसऱ्या अवस्थेतील २४५ स्त्रियांना आधी तीन फेऱ्या औषध देऊन मग शस्त्रक्रिया केली. २०१८ च्या निष्कर्षानुसार केवळ शस्त्रक्रियेच्या गटात मध्यम आयुर्मान ३३.९ महिने होते, तर तापवलेले सिस्प्लॅटिन मिळालेल्या गटात ४५.७ महिने. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२३ मध्येही हा सुमारे वर्षभराचा फरक टिकून राहिलेला दिसला. आजींचा रोग याच गटात बसत होता. म्हणजे तज्ज्ञांनी सुचवलेला उपचार योग्य होता. परंतु 'बरी होईल ना?' याचे खरे उत्तर होते, "सर्व रोग काढता आला, तर काही काळ चांगला मिळण्याची शक्यता वाढेल. रोग परत येण्याची भीती मात्र राहील." एवढेच दोन वाक्यांत मला सांगता यायला हवे होते.

क्षय की कर्करोग?

आदिलाबाद जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या डॉक्टरांना शुगरबेकरांची शस्त्रक्रिया करायची नाही. पण ती करण्याची वेळ रुग्णाला मिळेल की नाही, हे पुष्कळदा आपल्याच खोलीत ठरते. पेनगंगेच्या दोन्ही काठांवर क्षयरोग इतका परिचित आहे की, पोटात पाणी, बारीक ताप आणि वजनातील घट दिसली की लेखणी आपोआप क्षयाच्या औषधांकडे वळते. अनेकदा ती बरोबरही ठरते. पण उदरावरणाचा क्षय आणि उदरावरणाचा कर्करोग ही जुळी भावंडे वाटावीत इतकी सारखी दिसतात. दोन्हींत पाणी होते, दोन्हींत वपा जाड होते आणि दोन्हींत सीए-१२५ वाढते. ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तो अंक वाढला म्हणून कर्करोग सिद्ध होत नाही, आणि क्षयही नाकारला जात नाही.

सुश्रुतसंहितेत जलोदराच्या रुग्णाचे पाणी व्रीहिमुख शस्त्राने वेध करून हळूहळू काढावे, एकदम काढू नये आणि नंतर पोट बांधून ठेवावे, असे वर्णन आहे. आपल्या परंपरेत पाणी काढण्याची भीती नव्हती. आज आपल्याजवळ सूक्ष्मदर्शकही आहे. मग ते न तपासता सहा महिन्यांचा उपचार कशासाठी सुरू करावा?

प्रथम सोनोग्राफी करावी, कारण जे पाणी वाटते ती कधी अंडाशयाची प्रचंड मोठी पिशवी असते आणि तिला सुई टोचणे म्हणजे रोग पोटभर सांडणे. मोकळे पाणी असेल तर ते काढून त्यातील पेशींची संख्या व प्रकार, प्रथिने, रक्तातील अल्ब्युमिनशी फरक आणि एडीए तपासावे. किमान ५० ते १०० मिलिलिटर पाणी पेशीतपासणीसाठी पाठवावे. लिम्फोसाइट पेशींचे आधिक्य आणि ४० च्या आसपास किंवा त्याहून अधिक एडीए क्षयाकडे बोट दाखवतात, पण ते केवळ बोटच असते. जीनएक्सपर्ट नकारात्मक आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही, कारण पोटातील पाण्यात ती तपासणी बऱ्याचदा जंतू पकडू शकत नाही. शंका उरली तर दुर्बिणीतून उदरावरणाचा तुकडा घ्यावा. उपचार सुरू केलेच असतील, तर चार ते सहा आठवड्यांनी पोटाचा घेर, वजन आणि पाणी यांची पुन्हा मोजणी करावी. सुधारणा नसेल तर गोळ्या बदलण्याआधी निदान तपासावे.

शल्यविशारद मित्रांनाही एक विनंती. आंत्रपुच्छ काढताना ते जेलीने फुगलेले आढळले तर ते न फोडता काढावे आणि काढलेले प्रत्येक आंत्रपुच्छ तपासणीसाठी पाठवावे. पोट उघडल्यावर उदरावरणभर दाणे दिसले तर नमुना घेऊन, छायाचित्र काढून, नोंद करून पोट बंद करावे. अर्धवट काढलेली गाठ पुढच्या शल्यविशारदाची वाट चिकटपणाने अडवते आणि रुग्णाची संधी कमी करते.

आदिलाबादहून निघताना

येथून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००. बेला, जैनथ, भीमपूर, तामसीकडील मराठी कुटुंबे भाषेच्या ओढीने पांढरकवड्यावरून नागपूरकडे जातात. सरकारी योजनेचे पत्र मात्र त्यांना हैदराबादकडे नेते. आरोग्यश्री योजना २००७ मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात तिची वार्षिक मर्यादा दहा लाख रुपये झाली. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. नातेवाइकांच्या पत्त्यावर भरवसा ठेवून गेलेले रुग्ण प्रवेशाच्या खिडकीवरून परत आलेले मी पाहिले आहेत. हैदराबादच्या एम.एन.जे. कर्करोग संस्थेत किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे, की नागपुरात आधी मत घ्यावे, हे ठरवताना भाषा, शिधापत्रिका आणि मुक्कामाची सोय यांचाही विचार डॉक्टरांनी रुग्णासोबत बसून करावा.

कुटुंबाने तज्ज्ञांना काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. सर्व रोग काढता येण्याची शक्यता किती? या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात? उष्ण औषध न देता केवळ शस्त्रक्रिया केली तर या रोगात किती फरक पडेल? अतिदक्षता विभाग आणि संभाव्य गुंतागुंत धरून एकूण खर्च किती, आणि त्यातील कोणता भाग योजनेत बसतो? शेवटचे उत्तर लेखी घ्यावे. 'गरम केमो'च्या जाहिराती आता शहरोशहरी दिसतात. केवळ यंत्र आहे म्हणून जमीन गहाण टाकण्याची गरज नाही. तसेच 'पसरले आहे, आता घरी न्या' असे कोणी म्हटले म्हणून एकदाही तज्ज्ञांना न दाखवता आशा सोडण्याचीही गरज नाही.

शेवटी

आजींवर तीन फेऱ्या औषधानंतर शस्त्रक्रिया झाली. ती नऊ तास चालली आणि पोटात उष्ण औषधही फिरवले गेले. दिसणारा रोग निघाला. चार महिन्यांनी त्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा पिशवी त्याच्या खांद्यावर होती. तिसऱ्या वर्षी रोग परतला आणि त्या आपल्या घरी, आपल्या माणसांत गेल्या. मधल्या काळात त्यांनी कपाशीचे दोन हंगाम पाहिले, धाकट्या मुलीचे लग्न केले. मुलगा मला भेटायला आला तेव्हा त्याने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. तो फक्त म्हणाला, "साहेब, अजून आधी कळलं असतं तर?"

निदानाला सुमारे पाच महिन्यांचा उशीर झाला होता. त्याची सुरुवात माझ्या टेबलावर, मान वर न करता लिहिलेल्या एका गोळीने झाली होती. आधी कळले असते तर नेमके काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण तो प्रश्न विचारण्याची वेळ त्याच्यावर आणण्यात माझा वाटा होता, हे मला ठाऊक आहे.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. मुलाला घेऊन आलेली आई किंवा आजी 'पोट गच्च वाटतं', 'लवकर पोट भरतं', 'लुगडं आवळतं' असे म्हणाली आणि ते दोन-तीन आठवडे टिकले असेल, तर तिच्या नावाचा वेगळा कागद होतो आणि त्यावर सोनोग्राफी लिहिली जाते. पाणी निघाले तर रिम्समध्ये किंवा जेथे सोय असेल तेथे ते काढून तपासल्याखेरीज क्षयाची गोळी सुरू होऊ नये, यासाठी मी संबंधित डॉक्टरांना स्वतः दूरध्वनी करतो. यातील बहुतेक बायकांना काही गंभीर निघत नाही, आणि त्याचा आनंदच होतो. आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाने, मग तो कोणत्याही शाखेचा असो, हा नियम आपल्या टेबलावर ठेवावा, एवढीच या लेखामागील विनंती आहे.